उलटं सांगून राहिले भाऊजी

‘जाऊ दे न वं बाई’ एवढं कोणी म्हटलं की माझं डोकं आजही फिरतं. बँकेतला माणूस रांग सोडून ओळखीच्याचं काम आधी करतो, मी भांडायला लागते, आणि मागची बाई खांद्याला हात लावून हळूच म्हणते, जाऊ द्या न मॅडम. कायले जाऊ देऊ? पन्नाशीला टेकले, अंगात साखर निघाली, डॉक्टर म्हणतात चिडू नका, तर मी त्या डॉक्टरवरही चिडते. घरचे सांगतात की ही जन्मापासून अशीच. साफ खोटं. जन्मापासून मी बडबडी होते, आगाऊ होते, तोंडाळ तर होतेच होते. पण हा जो संताप आहे, तो मला एका हिवाळ्यात लागला. सिनेमाच्या पुरस्कारावरून लागला, आणि लावणारी माणसं सगळी घरचीच होती. ते एकदा नीट लिहून ठेवते. ज्याला वाईट वाटायचं त्याला खुशाल वाटो.

आमचं घर भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीला, विणकरांच्या मोहल्ल्यात. गोंदिया आमच्यातून निघून वेगळा जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती, आणि म्हातारी माणसं अजून जिल्हा म्हटला की तिकडची गावंही मोजायची. सकाळी डोळा उघडायच्या आधी कानात माग शिरायचा. बाबांचा माग पुढच्या खोलीत, खड्ड्यात पाय सोडून बसायचा. धोटा इकडून तिकडे गेला की खट्, फणी ओढली की धप्प. खट्-धप्प, खट्-धप्प, आणि शेजारच्या घरातून तेच, जरा मागेपुढे. मागच्या अंगणात माय तांदळाची खळ शिजवायची, सुताला पाजायला. त्या खळीचा आंबूस वास आमच्या केसांना, पोळ्यांना, शाळेच्या दप्तराला, सगळ्याला असायचा. दुपारी भात, लाखोरीच्या डाळीचं घट्ट वरण आणि वांग्याची भाजी. हिवाळ्यात करडी गावाहून मामा नवे तांदूळ आणून टाकायचा, तेव्हा माय त्याच लाखोरीचे वडे तळायची, आणि आम्ही दोघी बहिणी चुलीपाशी बसून कढईतून निघाले तसे फुंकून फुंकून खायचो. कुंदाताई माझ्यापेक्षा मोठी, गोरी, शांत. ती कमी बोलायची. तिच्या वाटचं मीच बोलून घ्यायची.

आता आमच्या मोहल्ल्याची एक रीत सांगायला पाहिजे, कारण ती मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही. मागावर बसलेल्या माणसाचे हात, पाय, डोळे सगळे कामात अडकलेले असतात, कान तेवढे मोकळे. सिनेमा पाहायला भंडाऱ्याला जायचं तर आख्खा दिवस मोडतो, आणि दिवस मोडणं कोणाला परवडायचं नाही. म्हणून मोहल्ला मिळून एकाला पाठवायचा. त्यानं सिनेमा पाहून यायचा आणि दुसऱ्या दिवशी मागापाशी बसून सगळ्यांना सांगायचा. सुरुवातीच्या पाटीपासून शेवटच्या पाटीपर्यंत, गाण्यांसकट, मारामारीसकट. याला आमच्याकडे ‘सिनेमा सांगणे’ म्हणत. आधी हे काम एक आजोबा करायचे. त्यांचे दात पडले आणि हिरॉइनचे डायलॉग कळेनासे झाले, तेव्हा लोकांनी मला पुढं केलं. मी तेव्हा नववीत असेन. शेजारच्या कमलाकाकू सोबतीला यायच्या, आणि त्या टॉकीजमध्ये पंखा लागला की झोपून जायच्या, त्यामुळे सांगायची सगळी जबाबदारी माझ्यावर.

आणि मी सांगायची कशी! बाबांच्या खोलीच्या उंबरठ्यावर बसायची, आजूबाजूच्या बाया आपापले चरखे घेऊन यायच्या, सुताच्या कांड्या भरता भरता ऐकायच्या. पोलीस यायचा असला की मी आधी त्याचे बूट वाजवायची. हिरोच्या मायच्या खोकल्याला मी असा खोकला काढायची की एकदा आमची माय पाणी घेऊन धावत आली. एखादा सिनेमा दोन दोन दिवस चालायचा. “वंदे, आता झगडा लवकर येऊ दे वं, माही कांडी संपून राहिली,” असं कोणी ओरडलं की मी झगडा मुद्दाम लांबवायची.

तर सांगता सांगता माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. काही सिनेमांत माग थांबायचा. पोरगी सासरी चालली, बाप दारात उभा, असं काही आलं की बाबांचा हात धोट्याच्या दोरीवर तसाच राहायचा, शेजारचाही माग बंद, सगळा मोहल्ला गप्प. आणि काही सिनेमांत माग थांबायचाच नाही. लोक मान हलवायचे, “बरोबर हाय, असंच पायजे,” म्हणायचे, आणि खट्-धप्प चालूच. मुंबईला दरवर्षी हिंदी सिनेमांचा तो मोठा पुरस्कार होतो. त्याच्या आधी पाच सिनेमांची नावं निघतात, की हे पाच मुकाबल्यात आहेत. ती नावं रेडिओवर आली की मी मनातल्या मनात ताडून पाहायची. जे थांबवणारे, ते त्यात सहसा नसायचे. जे मान हलवायला लावणारे, ते असायचे. मला वाटतं, हात थांबवणारा सिनेमा माणसाला कुठंतरी लागतो, आणि निवड करणाऱ्या मोठ्या माणसांना लागलेलं आवडत नाही. ज्या सिनेमानं आपण किती चांगले आहोत असं वाटतं, त्याला ते बक्षीस देतात. पाचातली एक जागा मात्र माग थांबवणाऱ्याला मिळायची, कारण देशभर लोक त्याच्यासाठी रांगा लावून असायचे, त्याला वगळलं तर शोभलं नसतं. म्हणजे चार न थांबवणारे आणि एक सगळ्यात जास्त थांबवणारा. एका वर्षी मी बायांसमोर हे बोलून दाखवलं आणि पाचातले तीन बरोबर आले. पुढच्या वर्षी चार. मोहल्ल्यात माझं नाव झालं. बी.ए. होऊन घरी बसले होते, कांड्या भरत होते, पाहायला येणाऱ्यांसमोर पोहे ठेवत होते, आणि मला त्या वयात एकच गोष्ट पाहिजे होती. मोहल्ल्याबाहेरच्या माणसांनी मला एकदा बसून ऐकावं. बस.

त्याआधी ताईचं लग्न जवाहरनगरला झालं होतं. भाऊजी तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात कारकून. सेंट्रलची नोकरी, राहायला क्वार्टर, न्यायला बस. आमच्या घरात तर जणू कलेक्टर जावई मिळाला. माणूस दिसायला नीटस, बोलायला गोड, पुण्याची मराठी बोलायचा आणि आमची ऐकून हसायचा. कारखान्याच्या वसाहतीतल्या हौशी लोकांचं एक सिनेमंडळ होतं. त्यांनी त्या वर्षी स्पर्धा काढली: पुरस्काराच्या मुकाबल्यात येणारे पाच सिनेमे आधीच ओळखा. ज्याचे पाचही बरोबर येतील त्याला हॉलमध्ये स्टेजवर बोलावणार, त्यानं हे कसं ओळखलं ते सगळ्यांना सांगायचं, आणि ते रेकॉर्ड करून वसाहतीच्या केबलवर दाखवणार. मला हेच तर पाहिजे होतं. पण भाग घ्यायचा तर वसाहतीतलं माणूस पाहिजे.

भाऊजी दिवाळीला आले होते तेव्हा मीच त्यांना म्हटलं. ते पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले होते, पुढ्यात वडे, बाबा मागावर. म्हणाले, “अगं, त्यात काय! नाव माझं टाकू. जिंकलो तर मी वर जाऊन तुला बोलावून घेतो. बोलायचं तू. मला कुठं येतं ते?” मी ताईकडे पाहिलं. ताई म्हणाली, “हव न, असंच करू.” मी नावं सांगितली, कशी काढली तेही सांगितलं, ताईनं आपल्या अक्षरात कार्डावर लिहिली, आणि ते कार्ड घेऊन दोघं गेले.

पाचही बरोबर आले. रेडिओवर चौथं नाव आलं तेव्हा कमलाकाकू उठून उभ्या राहिल्या आणि पाचवं आल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर टोपलीतल्या कांड्याच ओतल्या. बाबा मागावरून उठले नाहीत, पण दिवसभर विणता विणता हसत होते. मोहल्ल्यातल्या बाया मला काय नेसायचं ते सांगून गेल्या. मी मायच्या चरख्यापाशी उभी राहून भाषणाची तालीम करायची. “आमच्या मोहल्ल्यात सिनेमा पाहत नाहीत, ऐकतात,” अशी सुरुवात. अजून पाठ आहे, सगळं म्हणून दाखवू शकते. आजवर कोणी मागितलं नाही, तो भाग वेगळा.

रविवारी दुपारचा कार्यक्रम. मी एक दिवस आधीच ताईच्या क्वार्टरवर गेले. ताईला दिवस गेलेले होते, सातवा लागायला आला होता. तिनं आपली लग्नातली रेशमी साडी मला नेसवली, निऱ्या स्वतः बसून घातल्या. भाऊजी म्हणाले, “छान दिसतेस हो मेहुणीबाई.” हॉल भरलेला, पुढच्या रांगेत साहेब लोक आणि त्यांच्या बायका, मागे पोरासोरांचा गलका. आम्ही दोघी तिसऱ्या रांगेत. मंडळाच्या सेक्रेटरींनी भाऊजींचं नाव पुकारलं, टाळ्या झाल्या, भाऊजी वर गेले, ढाल घेतली, माइक हातात घेतला. मी पदर सावरून खुर्चीच्या अगदी टोकाशी आले. आता माझं नाव घेतील, आता घेतील.

भाऊजी बोलायलाच लागले. “मित्रहो, माझी सासुरवाडी विणकरांची. तिथं जाऊन-येऊन मी एक बारीक निरीक्षण केलं...” माझं निरीक्षण! माझा मोहल्ला, माझा उंबरठा, कांड्या भरणाऱ्या बाया, सगळं त्यांच्या तोंडून, त्या गोड मराठीत. मी ऐकत राहिले. खरं सांगते, तोवर मी गिळत होते. मनाला समजावत होते की थांब, शेवटी बोलावतील. आणि मग ते म्हणाले, “ज्या सिनेमाच्या वेळी विणकराचा हात थांबतो, मंडळी, तोच सिनेमा पुरस्काराच्या रांगेत जाऊन बसतो!” आणि हॉलनं टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतल्या एक बाई तर वा वा म्हणाल्या.

उलटं! अहो, पार उलटं! चोरायचं तर नीट तरी चोरा! इतकी वर्षं मी कान लावून, जीव लावून जे शोधलं ते या माणसानं आमच्या घरी वडे खाता खाता अर्धं ऐकलं आणि डोक्यावर उभं करून लोकांना वाटून टाकलं. मी कधी उठले ते मला कळलं नाही. आवाज मात्र मला माझाच ऐकू आला. मोहल्ल्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचवायची सवय असलेला आवाज.

“उलटं हाय! उलटं सांगून राहिले भाऊजी तुम्ही!”

टाळ्या बंद. सेक्रेटरींनी विचारलं, “कोण बोललं?”

“मी. पाचही नावं माही हायेत. हात थांबला तं इनाम नाई भेटत, नाई थांबला तं भेटते. चार तशे आन् पाचवा थांबवणारा. इचारा त्यायले, पाचवा काहून घेतला थे सांगा म्हणा!”

सेक्रेटरींनी भाऊजींकडे पाहिलं. एक क्षण भाऊजींचा चेहरा उतरला होता, मी पाहिलाय. मग ते हसले. माइक तोंडाशी नेऊन म्हणाले, “माझी मेहुणी आहे,” आणि पुढं काही न बोलता कानशिलापाशी बोट गोल फिरवलं. हॉल फुटला. साहेब हसले, साहेबांच्या बायका हसल्या, मागची पोरं “उलटं हाय, उलटं हाय” म्हणून बाकं बडवायला लागली. ताई माझ्या शेजारी खाली मान घालून बसली होती. तिच्या लग्नाच्या साडीत मी उभी, आणि कोणी माझ्याकडे परत वळूनही पाहिलं नाही, कारण त्यांच्यापुरता खुलासा झाला होता. भाऊजींनी मला बस स्टॉपवर आणून सोडलं.

हेच भाऊजी आता रिटायरमेंटला आलेत. अजून लग्नाकार्यात चार माणसं जमली की हात आणि माग सांगतात, आणि अजून उलटंच सांगतात. मागच्या वर्षी एका वास्तुपूजेत मी समोर बसलेली असताना सांगितलं. ऐकणारा माणूस माझ्याकडे वळून म्हणाला, काय निरीक्षण आहे न! मी म्हटलं, हो, डोळे फुटलेल्या माणसाचं आहे. माझ्या नवऱ्यानं मला तिथून हळूच उठवून जेवायला नेलं. त्यानंही तेच म्हटलं, तेच, जे म्हटलं की माझं डोकं फिरतं.

त्या रविवारनंतर आठवड्याच्या आत चौकातल्या फोनवर निरोप आला. ताईचं पहिलं बाळंतपण, रीतीप्रमाणे माहेरी व्हायचं, मायनं बाजेला नवी सुतळी भरून ठेवलेली, डिंक आणून ठेवलेला. भाऊजींनी कळवलं की पाठवणार नाही. मेहुणीनं चार लोकांसमोर त्यांची बेइज्जती केली. आता तिनं यावं, मंडळाच्या माणसांसमोर सांगावं की नावं भाऊजींचीच होती, आपण खोटं बोललो, आणि बहिणीला घेऊन जावं. नाहीतर बहीण तिथंच राहील. बाबा फोनवरून आले, मागात बसले, आणि विणायला लागले. मधेच उठून आले.

“वंदू, चाल, जाऊन येऊ.”

“मी नाई येत. त्यायनं माफी मागावं.”

“जवाई होय तो.”

“जवाई होय तं काय झालं? खोटं कोण बोललं, बाबा? तुमच्यासमोर ठरलं होतं, दिवाळीले, याच खोलीत. तुम्ही इथंच तं होते!”

“थे झालं न आता. तुह्या पाच सिनेम्यापायी माही पोरगी तिकडं अडकून पडली.”

“मीबी तुमचीच पोरगी होय न, बाबा?”

बाबा वळून परत मागात जाऊन बसले. माय बोलली. “पयलं बाळंतपण माहेरी नाई झालं तं लोक काय म्हणतीन? तिले काई झालं तं तुले झोप येईन काय? एक वाक्य तं बोलाचं हाय वं. जाऊ दे न, बाई.” मग कमलाकाकू तेच म्हणाल्या. मग करडीहून मामा आला आणि तेच म्हणाला. ज्या बाया मला साडी कोणती ते सांगून गेल्या होत्या, त्याच आता चरखे घेऊन येऊन बसायच्या आणि आळीपाळीनं मला समजवायच्या. त्यांतल्या एकीलाही नावं कोणाची आहेत याबद्दल शंका नव्हती. सगळ्यांना ठाऊक होतं! ज्यांना ठाऊक नाही अशांनी मला वेडी म्हटलं, ते मी समजू शकत होते. ज्यांना ठाऊक होतं ते मला खोटं बोलायला लावत होते, आणि वरून माझ्याच भल्याचं सांगितल्यासारखं तोंड करून. तोंडात अन्न जात नव्हतं माझ्या. पण ताईचे पाय सुजलेत असा निरोप आला, आणि मी तयार झाले.

क्वार्टरच्या बैठकीत भाऊजींनी माणसं जमवूनच ठेवली होती. सेक्रेटरी, आणखी दोघं-तिघं, पुढ्यात चिवडा, चहा. ढाल टीव्हीवर मांडलेली. आम्ही आत गेलो आणि बाबा भाऊजींच्या पाया पडले. बाहेरच्या महाराष्ट्रात हे सांगितलं तर लोक विश्वास ठेवत नाहीत, पण आमच्याकडे सासरा जावयाच्या पाया पडतो, तशी रीतच आहे. बाबा दर वेळी पडायचे, पटकन, हात लावल्यासारखं करून. त्या दिवशी ते पूर्ण वाकले, कपाळ भाऊजींच्या पायाला टेकवलं, आणि भाऊजींनी नेहमीसारखे पाय मागे घेतले नाहीत. बाबांची टोपी खाली पडली. ती उचलून त्यांनी डोक्यावर न ठेवता हातातच धरली. मी हे पाहिलं आणि मला त्या माणसाचा जेवढा राग आला, तेवढाच बाबांचा आला. कदाचित जास्त.

“बोल,” बाबा म्हणाले.

“नावं भाऊजींचीच होती,” मी म्हटलं. “मी खोटं बोलली.”

सेक्रेटरींना अवघडल्यासारखं झालं. “असू द्या, असू द्या, लहान आहे,” म्हणाले. बाविशी ओलांडलेली होती मी. पण भाऊजींचं समाधान झालं नव्हतं. चिवड्याचा घास खाऊन ते म्हणाले, “आणि ते उलटं-सुलटं काय म्हणत होतीस?”

नावं देऊन टाकणं मी एक वेळ गिळलं. हे मात्र म्हणवेना. खोटं नाव सांगणं वेगळं, आणि जे खरं असल्याचं मला पक्कं ठाऊक आहे ते तसं नाही म्हणणं वेगळं. बाबांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. ताई आतल्या दारात उभी होती, बॅग भरून, भिंतीला धरून.

“सुलटंच होतं,” मी म्हटलं. “भाऊजी बरोबर सांगत होते.”

“ठीक आहे मग,” भाऊजी म्हणाले, आणि ताईला हाक मारून आमच्यासाठी चहा टाकायला सांगितला. बाबांनी तो घेतला. मी कप तसाच ठेवला.

बसमध्ये ताई खिडकीपाशी बसली, मी शेजारी, बाबा पुढं बॅग मांडीवर घेऊन. ती सारा रस्ता बाहेरच पाहत होती. मला वाटलं, थकली असेल. आतून मला थोडं बरंही वाटत होतं, खोटं कशाला सांगू. जळून कोळसा झाले होते, पण बहीण तर आणली होती. घरी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. मायनं ओवाळलं, पाट मांडला, ताट वाढलं, गरम वडे, कढी. ताईनं ताट सरकवून दिलं.

“मले भूक नाई.”

“खाऊन घे न वं, ताई,” मी म्हटलं. “मी काय काय करून आणलं तुले इथं, माहित हाय न?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात तिला अशी मी पाहिली नव्हती. “कोणी सांगितलं होतं आणाले? मले विचारलं होतं काय कोणी?”

“तुले पाठवून नव्हते राहिले थे...”

“नसते पाठवत! बाळंत झाली असती मी तिथंच. शेजारीण होती, दवाखाना होता, मरून नसती गेली मी. तुम्ही सारे इथं बसून ठरवलं का कुंदाचं असं करा, कुंदाचं तसं करा. एक फोन नाई केला मले.” तिचा श्वास लागला, पोटावर हात ठेवून ती भिंतीला टेकली, पण थांबली नाही. “लगन झाल्यापासून मी त्या घरात हव हव करून राहिली, वंदू. भाजीत मीठ जास्त, हव. माहेरची भाषा बोलू नको, हव. थ्या कार्डावर अक्षर माहं हाय, तं कोणाले सांगजो नको, हव. आन् तू उठून ओरडली का उलटं हाय! सारा हॉल भरला होता, आन् तू ओरडली. मी घरी येऊन न्हाणीत गेली, पाणी सोडलं आन् हसली. तोंडात पदर घालून हसली. लगनानंतर पयल्यांदा हसली. तेवढंच एक होतं माह्यापाशी. थे बी तू आज त्याच्या हातात नेऊन देलं, माह्या नावानं.”

ज्या रागाला मी इतके दिवस माझा एकटीचा समजून उरावर घेऊन बसले होते, तो तिचा कितीतरी आधीपासूनचा होता, आणि मला कधी दिसला नव्हता. माय मधे काहीतरी बोलायला गेली. ताईनं हातानंच तिला गप्प केलं.

“बोल आता. माह्यासमोर बोल. नावं कोणाची होती?”

“माही.”

“जोरानं बोल.”

“माही होती! पाचही माही होती! आन् थो उलटंच सांगत होता!” मी ओरडले, हॉलमध्ये ओरडले होते त्याहून मोठ्यानं, आणि मग मला रडू कोसळलं, आणि ती माझ्या पाठीवर हात फिरवायच्या ऐवजी तशीच ताठ बसून राहिली.

बाबा दारात येऊन उभे राहिले होते. ऐकलं असणारच. खालच्या आवाजात म्हणाले, “मले ठाऊक हाय वं, पोरीहो. पयलेपासून ठाऊक होतं.”

ताईनं मान वर केली. “तं मंग वाकले कायले, बाबा?”

बाबा पुढच्या खोलीत निघून गेले. त्यानंतर ते बरीच वर्षं जगले, ताईची पोरं त्यांच्या मांडीवर खेळली, माझं लग्नही त्यांनीच लावून दिलं. या एका प्रश्नाचं उत्तर त्यांनी आम्हा दोघींनाही कधी दिलं नाही.